लिनक्स सर्व्हरचा बॅकअप आणि रिस्टोअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा व्हीपीएस (भाड्यानं घेतलेला आभासी सर्व्हर) किंवा ऑफिसच्या कोपऱ्यातलं मशीन, त्यावर डेबियन नाहीतर उबुंटू, एक डेटाबेस, लोकांनी चढवलेल्या फायली आणि हे सगळं सांभाळणारा एकच माणूस. असा ज्यांचा संसार आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. मी पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, छोटे प्रकाशक अशांचे सर्व्हर सांभाळतो. त्यांचा फोन आला की पहिल्या दहा मिनिटांत जे विचारलं जातं, तेच इथे लिहिलं आहे.

सुरुवात कुठून करू? कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. आधी कोरा कागद घ्या आणि असं समजा की आज पहाटे दोन वाजता सर्व्हर गेला. तुम्ही गावाला आहात, फोनला रेंज नाही. ऑफिसात सकाळी जो माणूस पहिला येईल, त्यानं काय करायचं? नवं मशीन कुठून आणायचं, बॅकअप कुठे ठेवलाय, त्याचा पासवर्ड कोणाकडे, आधी काय चढवायचं आणि मग काय? या प्रश्नांची उत्तरं लिहायला बसलात की बॅकअप कसा घ्यायचा, हे आपोआप ठरत जातं. उलट्या क्रमानं गेलं, म्हणजे आधी स्क्रिप्ट लिहून टाकली, की रिस्टोअरचा विचार थेट अपघाताच्या दिवशी होतो.

त्या कागदावर सगळ्यात वर दोन आकडे लिहा. किती वेळाचं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल, आणि किती वेळ सगळं बंद राहिलं तर चालेल. इंग्रजी पुस्तकांत त्यांना आरपीओ आणि आरटीओ म्हणतात. आपल्याकडे आरटीओ म्हटलं की भलतंच ऑफिस डोळ्यांसमोर येतं, म्हणून मी ते शब्द गिऱ्हाइकासमोर वापरत नाही. सरळ विचारतो: ‘दुपारी चारला डेटा उडाला आणि सकाळपर्यंतचाच परत मिळाला, तर काय कराल?’ प्रकाशक म्हणतो, दिवसभरात आठ ऑर्डरी येतात, मेलवरून पुन्हा भरू. पतसंस्थेचा व्यवस्थापक मात्र गप्प होतो, कारण पिग्मी एजंटांचा भरणा, काउंटरच्या पावत्या, कर्जाचे हप्ते हे सगळं त्या दिवसात असतं. पहिल्याला रात्रीचा एक बॅकअप पुरतो, दुसऱ्याला दर तासाचा लागतो. हे मालकानं ठरवायचं असतं. संगणकवाल्यानं परस्पर ठरवू नये.

आमच्या सर्व्हरला रेड आहे. मग बॅकअप कशाला?

रेड, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर एकदम लिहिण्याची सोय, डिस्क मेल्यावर वाचवतं, चुकीपासून वाचवत नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. दुसऱ्या सर्व्हरवर चालणाऱ्या रेप्लिकेशनचंही (डेटाच्या सततच्या नकलेचंही) तेच: चुकीचा डिलीट तिकडेही इमानेइतबारे पोचतो.

होस्टिंग कंपनी रोज स्नॅपशॉट घेते. तेवढं पुरे का?

स्नॅपशॉट म्हणजे डिस्कचं एका क्षणाचं चित्र. सोय म्हणून उत्तम, भिस्त ठेवायला अपुरं. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एसबीजी-२ ही इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या एसबीजी-१ मधल्या बारापैकी चार खोल्या गेल्या. ज्या ग्राहकांचा सर्व्हर आणि त्याचा बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांच्या हाती काही उरलं नाही.

आगीहूनही जास्त वेळा घडणारी गोष्ट म्हणजे खातं बंद होणं. कार्डाची मुदत संपली, बिलाचा मेल स्पॅममध्ये गेला, खातं गोठलं. सर्व्हर आणि स्नॅपशॉट एकाच लॉगिनखाली असतील तर दोन्ही एकदमच हाताबाहेर जातात. म्हणून एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या मेल आयडीनं उघडलेल्या खात्यात हवीच.

३-२-१ नियम म्हणजे काय?

डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. पीटर क्रोग या छायाचित्रकारामुळे हा नियम रूढ झाला. फोटो हरवण्याची भीती छायाचित्रकारांना आपल्याहून जास्तच असणार.

‘दुसरं ठिकाण’ याचा अर्थ धोका बघून लावा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी चढलं, तेव्हा तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच कपाटातली बॅकअपची डिस्क यांत काही फरक उरत नव्हता. पुरासाठी वरचा मजला पुरतो, आगीसाठी पुरत नाही, चोरीसाठी तर मुळीच नाही. आणि शेजारच्या गल्लीतलं भावाचं घर हे त्याच नदीच्या काठावर असतं.

नक्की काय काय घ्यायचं? सगळी डिस्क की फक्त डेटा?

लहान सर्व्हरसाठी माझं मत: डेटा आणि सेटिंग काटेकोर घ्या, ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं टाका. नवा डेबियन अर्ध्या तासात उभा राहतो. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा वेगळ्या हार्डवेअरवर चढवायला गेलात, तर बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम), डिस्कचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि नेटवर्क कार्डाचं बदललेलं नाव यांच्याशी झुंजण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

डेटाबेस आणि अपलोडचं फोल्डर कुणी विसरत नाही. विसरतात ते हे: रूट युजरच्या घरात पडलेल्या स्क्रिप्ट, ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या क्रॉनच्या याद्या (डेबियनवर त्या ‘व्हार’खाली स्पूलमध्ये असतात, ‘ईटीसी’मध्ये सगळ्या नसतात), सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची हातानं लिहिलेली युनिटं, अ‍ॅप्लिकेशनची ठिपक्यानं सुरू होणारी एन्व्ह (सेटिंगची) फाइल, एसएसएलच्या चाव्या आणि डॉकर वापरत असाल तर त्याचे व्हॉल्यूम (डेटाची फोल्डरं). शिवाय हातानं बसवलेल्या पॅकेजांची यादी रोज एका मजकूर फाइलमध्ये काढून ठेवा. डेबियन-उबुंटूवर एपीटी-मार्कला ‘शो-मॅन्युअल’ सांगितलं की ती मिळते. डीएनएसच्या नोंदी (डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते) तर सर्व्हरवर नसतातच, त्या डोमेनवाल्याच्या पॅनेलमध्ये असतात. त्यांचीही प्रत हवी.

‘प्रॉक’, ‘सिस’, ‘डेव्ह’, ‘रन’ आणि ‘टेम्प’ ही फोल्डरं वगळा. पहिल्या चारांत डिस्कवरच्या फायली नसतातच, ते चालू सिस्टिमचं मेमरीतलं चित्र असतं.

चालू डेटाबेसच्या फायली सरळ कॉपी केल्या तर काय बिघडतं?

दुकानात मुनीम कीर्द-खतावणी लिहितोय आणि तुम्ही त्याच वेळी त्या वह्यांची झेरॉक्स काढताय, असं धरा. कीर्दीची प्रत दहा वाजता निघाली, खतावणीची दहा वीसला. मधल्या वीस मिनिटांतल्या नोंदी एकीत आहेत, दुसरीत नाहीत. दोन्ही झेरॉक्स स्वच्छ दिसतात, ताळा मात्र कधीच जमणार नाही. डेटाबेसच्या फायलींचं हेच होतं. फरक इतकाच की इथं ताळा जमत नाही हे महिन्यांनी कळतं.

उपाय म्हणजे डेटाबेसलाच सांगायचं की एका क्षणाचं चित्र दे. पोस्टग्रेस या डेटाबेससाठी पीजी-डंप हे काम करतो, तेही डेटाबेस चालू असताना. पण तो एका डेटाबेसपुरताच असतो. युजर आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी पीजी-डंप-ऑल ‘ग्लोबल्स-ओन्ली’ पर्यायानं वेगळं चालवा. रिस्टोअर करताना ‘असा रोल अस्तित्वात नाही’ अशी ओळीमागून ओळ येते, ती याच विसरण्यामुळे.

मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवर डंप घेताना ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय द्या. तो इनोडीबी प्रकारच्या टेबलांनाच लागू पडतो. जुन्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबलं उरली असतील तर त्यांना तो संरक्षण देत नाही, तिथे कुलूप लावूनच प्रत घ्यावी लागते. स्टोअर्ड प्रोसीजर आणि ठरलेल्या वेळी चालणारे इव्हेंट डंपमध्ये आपणहून येत नाहीत, ते मागावे लागतात. ट्रिगर तेवढे येतात.

एसक्यूलाइटची फाइल एकच दिसते म्हणून लोक ती सीपी या साध्या कॉपीच्या आदेशानं उचलतात. तिच्या शेजारी डब्ल्यूएएल, म्हणजे बदलांच्या कच्च्या नोंदवहीची, फाइल असेल तर ताजे बदल तिच्यात असतात. एसक्यूलाइटचा स्वतःचा बॅकअप आदेश वापरा.

तासाभराचंही नुकसान नको असेल तर डंप पुरत नाही. पोस्टग्रेसमध्ये मूळ प्रत घेऊन त्यानंतरच्या डब्ल्यूएएल फायली सतत बाहेर पाठवत राहायच्या, मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग (त्याची बदलांची नोंदवही) जपायचे. मग दुपारी २.३१ ला कुणी अट न लिहिता डिलीट चालवलं, तर २.३० पर्यंतचा डेटाबेस उभा करता येतो. मात्र पोस्टग्रेसची अशी फायलींची प्रत वेगळ्या आवृत्तीच्या लिनक्सवर नेऊ नका. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीपासून अक्षरक्रमाचे नियम बदलले आणि मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स गुपचूप बिघडल्याचे प्रकार झाले. डंपला हा त्रास नाही, कारण त्यात इंडेक्स नव्यानं बांधले जातात.

स्क्रिप्ट रोज चालते, रोज फाइल तयार होते. आता निश्चिंत?

फाइल किती बाइटची आहे?

हा प्रश्न मी स्वतःला उशिरा विचारला. एका लॅबच्या सर्व्हरवर माझीच स्क्रिप्ट होती: डंप काढून तो पाइपनं (एका आदेशातून थेट दुसऱ्यात) जीझिप या फाइल दाबणाऱ्या आदेशाला द्यायचा. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमधला बदलायचा राहिला. डंप दर रात्री चूक दाखवून थांबायचा, पण पाइपमधला शेवटचा आदेश जीझिप होता आणि त्याचं काम बिनबोभाट व्हायचं. रिकाम्या इनपुटची त्यानं केलेली फाइल २० बाइटची असते. अशा वीस-वीस बाइटच्या एकोणीस फायली, तारखांसकट, एकाखाली एक शिस्तीत मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या दिवशी कुणाला रिस्टोअर लागला नव्हता, हे माझं नशीब.

बॅशमध्ये ‘पाइपफेल’ चालू केलं की पाइपमधल्या कुठल्याही आदेशाची चूक वर येते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघांचे साधे मजकूर-डंप पूर्ण झाल्यावर तळाशी तसं सांगणारी ओळ लिहितात. ती आहे का हे तपासा. आजच्या फाइलचा आकार कालच्याशी ताडून पाहा. निम्म्यावर आला तर आरडाओरडा व्हायलाच हवा. क्रॉनच्या दोन खोड्याही लक्षात असू द्या. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की ती तिथे तुटते, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख घालणारी ओळ हातानं चालते आणि क्रॉनमध्ये चालत नाही. दुसरी खोडी म्हणजे क्रॉनचा पाथ, म्हणजे आदेश शोधायच्या फोल्डरांची यादी, अगदी तोकडा असतो. आदेशांचे पूर्ण पत्ते लिहा.

आपण एकटे नाही हे पटवायला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीची गोष्ट सांगतो. ती त्यांनी स्वतःच जगजाहीर केली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या इंजिनिअरला दुय्यम डेटाबेसचं फोल्डर रिकामं करायचं होतं, ते त्यानं मुख्य सर्व्हरवर केलं. सुमारे ३०० जीबी डेटा सेकंदा-दोन सेकंदांत गेला. मग बॅकअप शोधायला गेले तर पीजी-डंपचा बॅकअप कधीच नीट होत नव्हता: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप चालायचा ९.२ चा. चूक कळवणारे मेल निघत होते, पण त्यांवर योग्य सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. वाचवलं ते एका वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हातानं घेतलेल्या एलव्हीएम (डिस्कच्या पातळीवरच्या) स्नॅपशॉटनं. त्या सहा तासांतले जवळपास ५,००० प्रोजेक्ट, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती गेली.

मेल न येणं म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. उलटं करा. बॅकअप यशस्वी झाला की त्यानं बाहेरच्या एखाद्या मशीनला ‘झालं’ असं कळवायचं, आणि छत्तीस तासांत ‘झालं’ आलं नाही तर त्या बाहेरच्या मशीननं तुम्हाला उठवायचं.

आरसिंक, टार, बॉर्ग, रेस्टिक... कुठलं निवडू?

आरसिंक, म्हणजे दोन ठिकाणची फोल्डरं सारखी ठेवणारं साधन, मला मनापासून आवडतं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेलं हे साधन अजून रोज लागतं. पण नुसता आरसिंक म्हणजे आरसा: इकडे खराब झालेली फाइल रात्री तिकडेही खराब होते, आणि ‘डिलीट’ पर्याय लावला असेल तर पुसलेली तिकडेही पुसली जाते. ‘लिंक-डेस्ट’ वापरून रोजचं वेगळं फोल्डर ठेवता येतं, न बदललेल्या फायली हार्डलिंकनं (पुन्हा जागा न घेता) जोडल्या जातात. दहा वर्षांपूर्वी मी हेच करायचो. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ असली की आतलं सगळं जातं, नसली की फोल्डरसकट जातं. यावर ज्याची एकदाही फजिती झाली नाही असा माणूस मला भेटायचाय.

आज नवं काही उभं करायचं तर बॉर्ग किंवा रेस्टिक. दोन्ही फायलींचे तुकडे करून एकसारखा तुकडा एकदाच साठवतात, त्यामुळे रोजच्या पूर्ण प्रतीला जागा फार लागत नाही. एन्क्रिप्शन आतच आहे. बॉर्ग हा अ‍ॅटिक या जुन्या साधनाची २०१५ मध्ये फुटलेली शाखा. डेटा दाबून लहान करणं उत्तम, पण पलीकडच्या मशीनवरही बॉर्ग बसवलेला असला तर तो खरा खुलतो. रेस्टिक म्हणजे एकच फाइल, आणि तो अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या क्लाउड साठवणीशी थेट बोलतो. रिस्टोअरच्या दिवशी रेस्क्यू मोडमधल्या (दुरुस्तीपुरत्या सुरू केलेल्या) परक्या मशीनवर एकच फाइल उतरवून कामाला लागता येतं, एवढ्या एका कारणासाठी मी रेस्टिक निवडतो. तुमच्याकडे बॉर्ग नीट चालू असेल तर मात्र बदलायला जाऊ नका.

किती दिवसांच्या प्रती ठेवायच्या?

सात रोजच्या, चार आठवड्यांच्या, बारा महिन्यांच्या. या मांडणीनं बहुतेकांचं भागतं. शिवाय ३१ मार्चची एक प्रत बाजूला, छाटणीच्या नियमाबाहेर ठेवा. ऑडिटर जूनमध्ये येतो आणि त्याला ‘वर्षअखेरची स्थिती’ बघायची असते, आजची नव्हे.

रेस्टिकमध्ये ‘फर्गेट’नं फक्त नोंद जाते, जागा ‘प्रून’ केल्यावरच मोकळी होते. डिस्क भरत चालली म्हणून रोज फर्गेट चालवणारे आणि तरी भरतेच कशी म्हणून फोन करणारे लोक मला भेटले आहेत.

हॅकरनं किंवा रॅन्समवेअरनं बॅकअपही पुसला तर?

सर्व्हरवर बॅकअपच्या जागेची चावी आहे आणि त्या चावीला पुसण्याचाही हक्क आहे, म्हणजे सर्व्हर ताब्यात घेणाऱ्याला तो हक्क आपोआप मिळाला. तीन वाटा आहेत. एक, बॅकअपचं मशीन स्वतः येऊन डेटा उचलून नेतं आणि सर्व्हरकडे त्या मशीनची चावीच नसते. दोन, सर्व्हरला फक्त भर घालता येईल, पुसता येणार नाही अशी सोय; बॉर्गला आणि रेस्टिकच्या रेस्ट-सर्व्हरला ती आहे, छाटणी मग दुसऱ्या विश्वासातल्या मशीनवरून करायची. तीन, क्लाउडच्या साठवणीवर ऑब्जेक्ट लॉक लावून ठरावीक दिवस कुणालाच पुसता येणार नाही असं करणं.

लहान ऑफिसला चौथी, अगदी गावठी वाट आहे आणि ती चांगली चालते: दोन यूएसबी डिस्क, आठवड्याला अदलाबदल, एक नेहमी काढलेली आणि मालकाच्या घरी. काढून ठेवलेल्या डिस्कला इंटरनेटवरून कुणी हात लावू शकत नाही. डिस्कवर लक्स एन्क्रिप्शन असू द्या, कारण ती कधीतरी रिक्षात राहणार आहे. आणि एक्सफॅट (विंडोजवरही चालणाऱ्या) डिस्कवर फायली मोकळ्या कॉपी करू नका, मालकी आणि परवानग्या गळून पडतात. टार किंवा रेस्टिकच्या पेटीत घालून ठेवा.

बॅकअपचा पासवर्ड कुठे ठेवायचा?

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर तो परत मिळवायचा कुठलाही मार्ग नाही. बॉर्गची चावी ‘की एक्सपोर्ट’नं बाहेर काढून ठेवावी, हवी तर कागदावर छापूनही. पासवर्ड फक्त त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये असणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच. पासवर्ड मॅनेजरमध्ये एक प्रत आणि बंद पाकिटात, संस्थेच्या तिजोरीत दुसरी. पाकिटावर तारीख आणि सही. पतसंस्थांना ही पद्धत सांगावीच लागत नाही, लॉकरच्या दुसऱ्या किल्लीचं त्या असंच करतात.

रिस्टोअर तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

एखादी फाइल परत काढून बघणं ही वाचनाची तालीम झाली. नाटकवाले रंगीत तालीम करतात तशी करा: पूर्ण वेशभूषा, प्रकाश, पडदा. कोरं मशीन घ्या, हातात फक्त तुमचा कागद आणि पाकिटातला पासवर्ड. जुन्या सर्व्हरकडे बघायचं नाही. शक्य असेल तर तुमच्याऐवजी दुसऱ्याला बसवा आणि आपण मागे गप्प उभे राहा. जिथे तो अडेल तिथे कागद दुरुस्त करायचा. घड्याळ लावा. पहिल्या तालमीला लागलेला वेळ बघून मालकाचा चेहरा उतरतो, तो उतरू द्या.

बाहेर जाणारं नेटवर्क आधी तोडा. ही ओळ मी ठळक अक्षरांत लिहितो, कारण एका संस्थेच्या रंगीत तालमीत मी ती पाळली नव्हती. मशीन उभं राहिलं, क्रॉन जागा झाला, आणि त्यानं हप्ता थकल्याचे एसएमएस सगळ्या कर्जदारांना पाठवले. डेटा तीन महिन्यांपूर्वीचा होता. ज्यांनी मधल्या काळात कर्ज फेडलं होतं, ते दुसऱ्या दिवशी काउंटरवर रांगेत उभे होते.

अडणाऱ्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या आहेत. मालकीचे आकडे ही पहिली. जुन्या मशीनवर पोस्टग्रेसचा यूआयडी (युजरचा क्रमांक) ११३ होता, नव्यावर ११५ पडला. फायली आकड्यानुसार परत आल्या तर त्या भलत्याच युजरच्या होतात आणि सेवा सुरू होत नाही. नव्या मशीनवर आधी पॅकेजं टाकून मग डेटा आणत असाल तर मालकी नावानुसार लावा. रेस्क्यू डिस्कवरून अख्खी सिस्टिम परत आणत असाल तर मात्र आकड्यांनुसारच, कारण रेस्क्यू डिस्कवरची नावं तुमच्या मशीनची नसतात.

मराठीत काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी खास बघाव्यात. रिस्टोअरनंतर ग्राहकांची देवनागरी नावं उघडून पाहा. जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसांत लॅटिन-वनच्या (युरोपीय अक्षरांसाठीच्या) रकान्यात मराठी कोंबलेलं असतं, आणि डंप घेताना किंवा चढवताना वेगळी कॅरेक्टर सेट लागली की प्रश्नचिन्हांची माळ होते. ओळींची संख्या बरोबर येते, म्हणून नुसत्या मोजणीत हे सापडत नाही. दुसरं, फायलींची नावं. ईएक्सटी-फोर या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, तीन बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त अंतिम दुरुस्त’ या नावातच निम्मी मर्यादा संपते; याच्या दुप्पट लांब नावापुढे बॅकअपच्या साधनानं तारीख जोडली की फाइल तयारच होत नाही.

शेवटी बघायचं काय? शेवटच्या पावतीचा क्रमांक, दोन-तीन मोठ्या टेबलांच्या ओळी, एका ग्राहकाची पूर्ण खातेउताऱ्याची प्रत, आणि अपलोडमधल्या तीन पीडीएफ, त्यातली एक सगळ्यात जुनी. लॉगिन करून एक नोंद करून बघा. अशी तालीम वर्षातून दोनदा, आणि मोठी अपग्रेड झाली की लगेच. मधल्या काळात रेस्टिकचा ‘चेक’ ‘रीड-डेटा-सबसेट’ पर्याय दिला की साठवलेल्या डेटाचा काही भाग प्रत्यक्ष वाचून बघतो, तो दर आठवड्याला चालू द्या.

रिस्टोअरला किती वेळ लागेल?

गणित मांडा. ५०० जीबी डेटा आणि १०० एमबीपीएसची लाइन: लाइन पूर्ण वेगानं चालली तरी सुमारे ११ तास, आणि ती तशी चालत नाही. त्यावर डंप चढवणं आणि इंडेक्स बांधणं. अतिस्वस्त थंड साठवणीत, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हसारख्या ठिकाणी, डेटा हाताशी यायलाच १२ तास लागू शकतात, स्वस्तातल्या मार्गानं मागवला तर ४८. मालकानं ‘चार तासांत चालू पाहिजे’ म्हटलं असेल तर एक प्रत त्याच इमारतीत हवी. दूरची प्रत इमारत गेली तरच कामाला येते.

लॉगही जपायचे का?

भारतात सेवा चालवत असाल तर हो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवायच्या आहेत. लॉग घटनेच्या आधीच दुसऱ्या मशीनवर जात राहिले पाहिजेत, सर्व्हर गेल्यावर त्यावरचे लॉग काय कामाचे?

सर्व्हर खरंच गेलाय. आत्ता काय करू?

हात मागे घ्या. पहिली गोष्ट, बॅकअप आणि छाटणीची ठरल्या वेळी चालणारी कामं थांबवा, नाहीतर आज रात्री रिकाम्या डेटाबेसची प्रत जाईल आणि उद्या परवाची चांगली प्रत छाटली जाईल. जुन्या डिस्कवर रिस्टोअर करू नका. डिस्क आवाज करत असेल तर बंद करून डीडी-रेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या साधनानं दुसऱ्या डिस्कवर प्रतिमा घ्या. रिस्टोअर नव्या जागेवर करायचा, जुनं तसंच ठेवायचं. बॅकअपनंतरच्या नोंदी कदाचित तिथूनच खणून काढता येतील.

घुसखोरी असेल तर प्रश्न वेगळा: कुठल्या दिवसापर्यंतची प्रत स्वच्छ आहे? अशा वेळी फक्त डेटा आणायचा, प्रोग्राम नव्यानं टाकायचे आणि सगळे पासवर्ड बदलायचे.

एंटर दाबण्याआधी आपण कुठल्या मशीनवर आहोत हे मोठ्यानं वाचा. मुख्य सर्व्हरचा प्रॉम्प्ट (आदेश टाइप करायच्या ओळीची सुरुवात) लाल रंगाचा ठेवायला एक ओळ पुरते. आणि वेळ लिहीत जा: ‘३.१० डंप चढवायला सुरुवात’. पहाटे चारच्या मेंदूवर विश्वास ठेवू नये.

त्या कागदावर शेवटी काय काय असतं?

माझ्याकडचा एका संस्थेचा कागद दोन पानांचा आहे, लॅमिनेट केलेला नाही, कारण तो सारखा बदलतो. वर ते दोन आकडे आणि शेवटच्या तालमीची तारीख व लागलेला वेळ. मग बॅकअपच्या तिन्ही जागा आणि प्रत्येकीचं लॉगिन कुठल्या पाकिटात आहे ते. मग क्रमानं पायऱ्या, प्रत्येक पायरीला लागणारा आदेश पूर्ण लिहिलेला, ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द कुठेही नाही. डोमेन कुणाच्या नावावर आहे, इंटरनेटवाल्याचा ग्राहक क्रमांक, निर्णय घ्यायचा हक्क कोणाला. एक प्रत तिजोरीत, एक माझ्या घरी, एक व्यवस्थापकाच्या ड्रॉवरमध्ये.

मागच्या तालमीत सगळ्यात खाली एक ओळ वाढवली. त्या दिवशी आम्ही ठरवून रविवारी आलो होतो, मशीन तयार होतं, पासवर्ड हातात होता, आणि तासभर जिन्यात बसून होतो. ओळ अशी आहे: ‘सुट्टीच्या दिवशी शटरची किल्ली तळमजल्यावरच्या चहावाल्याकडे असते; तो साडेसहाला येतो.’